लोखंड वितळत नाही, तरी सांगाडा बसतो: बेळगाव भागातील शेडमालक, बिल्डर आणि ठेकेदारांना खुले पत्र

प्रति,
उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि कणबर्गीतील कारखानदार. निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागातील गोदाममालक. लोखंडी सांगाड्यावर मंगल कार्यालये, शोरूम आणि बहुमजली इमारती उभारणारे बिल्डर व ठेकेदार. आणि त्यांचे नकाशे तपासणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

नुसत्या आगीने पोलादी सांगाड्याची उंच इमारत पडू शकते का, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपासून जगभर चघळला जातो आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत त्याला एक ठरलेले उत्तर मिळते: "पोलाद वितळायला पंधराशे डिग्री लागतात. कागद-कापडाच्या आगीत तेवढी उष्णता कुठली? म्हणजे नुसत्या आगीने ते पडणे शक्यच नाही." हे उत्तर देणारा माणूस अडाणी नसतो. त्याने भट्टी पाहिलेली असते. बीड (ओतीव लोखंड) ओतताना रस १४०० अंशांच्या आसपास लागतो, हे त्याला तोंडपाठ असते. नेमका म्हणूनच तो फसतो. ओतकामात "वितळणे" हाच एक टप्पा मोजायचा असतो, तर सांगाड्याच्या बाबतीत तो टप्पा येण्याच्या कितीतरी आधी सगळे संपलेले असते.

त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या शेडमध्ये डोकावा. जाड प्लेटचे वेल्डिंग झालेला जॉब स्ट्रेस रिलिव्हिंगसाठी भट्टीत जातो. तापमान किती ठेवतात? ५५० ते ६५० अंश. वेल्डिंगमुळे आत अडकलेला ताण त्या तापमानाला सुटतो कसा? पोलादाची ताण धरून ठेवण्याची ताकदच तेव्हा निम्म्याच्या आसपास आलेली असते, म्हणून ते आतल्या आत थोडे सरकते आणि ताण मोकळा होतो. जॉब वितळत नाही, त्याचा आकारही फारसा बदलत नाही, कारण त्याच्यावर वजन नसते. तेच तापमान, पण वर स्लॅब, माल आणि माणसे असतील, तर सरकण्याचा अर्थ वेगळा होतो.

आकडे आपल्याच मानकात आहेत. पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८००:२००७, त्याच्या सोळाव्या विभागानुसार पोलादाची ताकद २१५ अंशांपर्यंत पूर्ण धरायची. पुढे ती सरळ रेषेत उतरते: ९०५ मधून तापमान वजा करा, ६९० ने भागा, जो अपूर्णांक येईल तेवढी ताकद शिल्लक. ५५० अंशांना ५१ टक्के, ६०० ला ४४ टक्के. ताठपणा तर त्याहून लवकर जातो. युरोपीय मानकाप्रमाणे ६०० अंशांना तो एक तृतीयांशाहून कमी उरतो, म्हणजे खांब दबून चिरडण्याआधीच वाकून जातो. बंद खोलीतल्या आगीसाठी चाचणीत जो प्रमाण आलेख वापरतात, त्यात हवेचे तापमान अर्ध्या तासात ८४०, एका तासात ९४५ अंशांपर्यंत जाते. त्यासाठी पेट्रोल-डिझेल लागत नाही. लाकूड, कापड, प्लॅस्टिक पुरते.

हेच सूत्र उलटे वाचले की मालकाच्या कामाची गोष्ट हाती येते. आगीच्या वेळी तुळईवर तिच्या थंड असतानाच्या क्षमतेच्या किती टक्के भार आहे, त्यावर तिचे पडण्याचे तापमान ठरते. ५० टक्के भार असेल तर ५६० अंश, ६५ टक्के असेल तर ४५६, आणि ३० टक्केच असेल तर जवळजवळ ७००. बहुतेक शेडचे छत वाऱ्यासाठी डिझाइन केलेले असते. पत्र्याचे स्वतःचे वजन नगण्य, म्हणून नुसते छत आगीत थोडे जास्त टिकते. पण नंतर त्याच रॅफ्टरवर (छत पेलणाऱ्या तिरप्या तुळईवर) सोलर पॅनेल चढतात, खाली चेनपुली लटकते, आणि आत चॅनल-आयबीम टाकून मालासाठी माळा होतो. माळ्याच्या तुळईवर जवळजवळ पूर्ण भार असतो. तीच आधी पडते, आणि नेमकी तिच्याखालीच माणसे काम करत असतात. "काही नाही, दोन टन माल ठेवायचाय" म्हणून केलेला हा माळा नकाशावर सहसा नसतोच.

ताकद घटणे ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी आहे फुगणे, आणि तिच्याकडे अनुभवी फॅब्रिकेटरचेही दुर्लक्ष होते. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढते. २० मीटरचा रॅफ्टर ५०० अंशांनी तापला की १२० मिमी लांब व्हायला बघतो. २० मिमीचा बोल्ट आपण २२ मिमीच्या भोकात घालतो, म्हणजे मोकळीक दोन मिमी. बाकीचे ११८ मिमी जाणार कुठे? दोन्ही टोके पक्की अडवलेली असतील, तर अवघ्या १०० अंशांच्या वाढीने तुळईत चौरस मिमीला २४० न्यूटन दाब तयार होतो. आपण जे ई२५० पोलाद वापरतो त्याची मर्यादाच २५० आहे. प्रत्यक्षात टोके इतकी पक्की नसतात, म्हणून तुळई खांबाला बाहेर ढकलते, क्लीट (जोडाची पट्टी) वाकवते, बैठकीवरून सरकते. पुढे ती मऊ पडून झोल खाते आणि तेच खांब आत ओढू लागते. म्हणून शेडच्या आगीत भिंत आधी बाहेर झुकते आणि मग आत कोसळते. आणि आग विझल्यावर? वाकलेली तुळई थंड होताना आखडते आणि जोडावर ओढ पडते. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनला नव्वदच्या दशकात आठ मजली सांगाड्यावर खऱ्या आगी लावून चाचण्या झाल्या, त्यात काही जोड थंड होतानाच फाटले. "आग आटोक्यात आली" असे ऐकताच माल काढायला आत धावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता मूळ वादाकडे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन मनोऱ्यांबरोबर तिसरी इमारतही पडली. ४७ मजल्यांची, वर्ल्ड ट्रेड सेंटर क्रमांक ७. तिला विमान धडकले नव्हते. शेजारच्या मनोऱ्याचा ढिगारा अंगावर आला, आगी लागल्या, त्या सुमारे सात तास जळत राहिल्या आणि संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी इमारत बसली. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २००८ मध्ये दिलेला निष्कर्ष असा: मजल्याच्या लांब तुळया तापून फुगल्या, त्यांनी तेराव्या मजल्याची एक मुख्य तुळई ७९ क्रमांकाच्या खांबावरच्या बैठकीवरून ढकलून काढली, खालचे मजले कोसळत गेले, खांबाचा आधार सुटला आणि तिथून साखळी सुरू झाली. शहराची पाण्याची मुख्य वाहिनी फुटल्याने खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरना (छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांना) पाणीच नव्हते. हा निष्कर्ष न मानणारे अभियंतेही आहेत. अलास्का विद्यापीठातल्या एका गटाने २०२० मध्ये तो खोडणारा अहवाल दिला. त्याला पैसा मात्र नियंत्रित स्फोटाची शंका आधीपासून मांडणाऱ्या संघटनेचा होता. आमचे मत एनआयएसटीच्या बाजूने आहे, कारण फुगलेल्या तुळईने जोड तोडणे हे आम्हाला नवल वाटत नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांनी ती इमारत बाजूला ठेवावी. वाद तिच्यावाचूनही निकालात निघतो.

तेहरानची प्लास्को इमारत घ्या. १९६२ ची, १७ मजली, पोलादी सांगाडा, मजल्यामजल्यावर कपड्यांचे कारखाने आणि साठा, स्प्रिंकलर नाहीत. १९ जानेवारी २०१७ ला वरच्या मजल्यांना आग लागली आणि सुमारे साडेतीन तासांत सगळी इमारत खाली आली. आतले १६ अग्निशमन जवान गेले. विमान नाही, ढिगारा नाही. कापडाच्या साठ्याचे हे वर्णन वडगाव-खासबागच्या विणकर वस्तीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल.

माद्रिदचा विंडसर टॉवर आणखी बोलका आहे. ३२ मजले, मधोमध काँक्रीटचा गाभा, कडेला पोलादी खांब. खांबांना अग्निसंरक्षण देण्याचे काम खालून वर चालू होते. १२ फेब्रुवारी २००५ च्या रात्री आग लागली तेव्हा वरच्या खांबांवर काहीच नव्हते. सतराव्या मजल्याच्या वरचा कडेचा भाग कोसळला. त्या पातळीवरच्या भक्कम तांत्रिक मजल्याने (यंत्रसामग्रीच्या मजल्याने) पडझड झेलली, आणि काँक्रीटचा गाभा उभा राहिला. एकच इमारत, एकच आग, आणि संरक्षण असलेला भाग कुठे संपतो ते जळक्या सांगाड्यावर डोळ्यांना दिसत होते.

उलट बाजूचे दाखलेही खरे आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. फिलाडेल्फियातील ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा फेब्रुवारी १९९१ मध्ये १८ तासांहून अधिक जळली; पडली नाही. बाविसाव्या मजल्यावरची आग वर चढत गेली आणि तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण तिथल्या भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. दहाएक स्प्रिंकलरनी जे केले ते अग्निशमन दलाला जमले नव्हते. त्यात तीन जवानही गेले. लंडनच्या ब्रॉडगेटमध्ये १९९० साली बांधकाम चालू असलेल्या १४ मजली सांगाड्याला साडेचार तास आग होती. बरेच पोलाद उघडे होते, काही खांब १०० मिमीच्या आसपास आखूड झाले, तरी इमारत पडली नाही, कारण तापलेल्या खांबांचा भार शेजारच्या थंड खांबांनी आणि वरच्या मजल्यांच्या पोलादाने उचलला. कार्डिंग्टनलाही उघड्या तुळया हजार अंशांपलीकडे गेल्या, पण खांब झाकलेले होते आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब चादरीसारखा ताणला जाऊन भार वाहत राहिला.

तेव्हा "पडते का" याचे उत्तर हो किंवा नाही यात नाही. खांब झाकलेले आहेत का, जोड ओढ आणि ढकल दोन्ही सोसतो का, एका जागचा भार दुसरीकडे वळायला वाट आहे का, आणि पाणी वेळेत येते का, यांवर ते ठरते. आता आपल्या भागातल्या शेडला हेच प्रश्न विचारा. खांब उघडे. जोड साधे, चार बोल्टांचे. एका दिशेला एकच पोर्टल फ्रेम (दोन खांब आणि वरचे रॅफ्टर यांची एक चौकट), म्हणजे एक खांब गेला की भाराला दुसरी वाट नाही. स्लॅब नाही, त्यामुळे चादरही नाही.

त्यात आपले पोलाद पातळ. किती पृष्ठभाग किती वजनाला तापवतो, हे यातले निर्णायक माप आहे. २० मिमी जाडीची प्लेट दोन्ही बाजूंनी तापते तेव्हा दर घनमीटर पोलादामागे १०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. पीईबी (कारखान्यात तयार करून जागेवर जोडलेल्या) शेडच्या रॅफ्टरची मधली पट्टी ५ मिमीची असते, तिथे हाच आकडा ४००. पत्रा ज्यावर बसतो ती झेड पर्लिन २ मिमीची, तिथे १०००. प्रमाण आगीत ती ५ मिमीची पट्टी दहा-बारा मिनिटांत धोक्याच्या तापमानाला पोचते. "छत तीस फुटांवर आहे, तिथे काय झळ लागणार" हे आम्ही नेहमी ऐकतो. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राचे पोलादी छतही उंच होते आणि संरक्षणाशिवाय होते. जानेवारी १९६७ च्या आगीत ते खाली आले. माल छतापर्यंत रचला असेल तर उंचीचा हिशोबच मिटतो.

माल कोणता, हेही पाहा. लाकूड, कापूस, पोती किलोमागे साधारण १७ ते १८ मेगाज्यूल उष्णता देतात. पॉलिथिन देते चाळीसच्या वर, म्हणजे डिझेलइतकी. प्लॅस्टिक दाण्यांची दहा टनांची थप्पी ठेवणाऱ्याने शेडमध्ये दहा टन डिझेल ठेवले आहे असे समजून चालावे. निपाणीच्या तंबाखू गोदामांचा धोका वेगळा: पोती आतल्या आत तासन्‌तास धुमसतात, बाहेर फक्त धूर दिसतो, आणि पोलादाला तापायला हवा तेवढा वेळ मिळतो.

थायलंडमधल्या केडर खेळणी कारखान्यात १० मे १९९३ रोजी १८८ कामगार मेले. चार मजली इमारती, उघडे पोलाद, कापूस-प्लॅस्टिकचा माल, बंद दारे. अग्निशमन दल पोचले तेव्हा पहिली इमारत कोसळण्याच्या बेतात होती. गगनचुंबी इमारतींचा वाद घालताना हे चार मजले कुणाला आठवत नाहीत.

करायचे काय, ते आता पैशाच्या क्रमाने सांगतो, स्वस्त आधी.

खांब विटांनी किंवा काँक्रीटने झाकणे हे सगळ्यात स्वस्त आणि इथल्या गवंड्याला येणारे काम आहे. खांबाभोवती जाळी बांधून ५० मिमी काँक्रीट केले तर दोन तासांच्या आसपास संरक्षण मिळते. जाळी वगळली की तापल्यावर काँक्रीटचे ढलपे उडतात आणि पोलाद पुन्हा उघडे पडते. फाउंड्रीत लॅडलच्या (वितळलेला रस नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेवरच्या खांबांना खालचा दीड मीटर तरी विटांचे कवच हवेच. सांडलेला रस खांबाच्या पायाशी साचला तर आगीची वाट पाहावी लागत नाही. चौकोनी पाइपचे खांब आत काँक्रीट भरून घेत असाल तर प्रत्येक मजल्याला वर आणि खाली २० मिमीचे भोक ठेवा. आतल्या ओलाव्याची वाफ कोंडली की पाइप फुटतो. ही भोके गंज येतो म्हणून पुट्टीने बुजवलेली आम्ही पाहतो.

माळ्याच्या तुळयांना कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड किंवा व्हर्मिक्युलाइट-जिप्समचा फवारा. फवारा दिसायला ओबडधोबड असतो, पण दिसत नाही अशा जागी त्याच्याइतके परवडणारे दुसरे काही नाही. मात्र नंतर प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन क्लॅम्प बसवायला तो खरवडतात आणि पुन्हा कुणी लावत नाही. जुळ्या मनोऱ्यांत विमानाच्या धडकेने हेच संरक्षण उडाले होते. इथे तेच काम एक छिन्नी करते.

फुगणारा रंग, म्हणजे इंट्युमेसंट पेंट, शोरूम आणि मंगल कार्यालयांना शोभतो. तो दोन-अडीचशे अंशांच्या आसपास फुगून फेसाचा जाड थर बनवतो. इथे फसवणूक सगळ्यात जास्त. साधा "फायर रिटार्डंट" रंग आगीचा प्रसार मंदावतो, पोलाद थंड ठेवत नाही. डबा मागवताना हा फरक बघा. जाडी मायक्रॉनमध्ये आणि प्रत्येक सेक्शनसाठी वेगळी निघते: पातळ पोलादाला जाड थर, जाड पोलादाला पातळ. "सगळीकडे दोन हात" असे कोटेशनमध्ये लिहिले असेल तर ते परत करा. पृष्ठभाग एसए अडीच दर्जापर्यंत ब्लास्ट केलेला (कणांच्या माऱ्याने गंज काढून साफ केलेला), प्राइमर रंगाच्या कंपनीने मान्य केलेला, आणि सुकल्यावर गेजने थराची जाडी मोजून तक्ता हातात. हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त नसेल तर काम बंद. म्हणजे खानापूरकडे जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर होतच नाही, ठेकेदार कितीही म्हणो.

जोडांसाठी एक वेगळी सूचना. ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट पाणी दिलेले, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून कडक केलेले असतात. ६०० अंशांना त्यांच्यात जेमतेम २२ टक्के ताकद उरते, म्हणजे तुळईपेक्षा बोल्ट आधी जातो. म्हणून रंग किंवा फवारा जोडावर येऊन थांबवू नका. बोल्टच्या डोक्यापलीकडे न्या.

स्प्रिंकलरला खर्च येतो, पण प्लास्को आणि मेरिडियन यांमधला फरक पाहून ठरवा. मध्यम धोक्याच्या जागी एका हेडने १२ चौरस मीटरपेक्षा जास्त भाग घ्यायचा नसतो. ६८ अंशांना काचेची नळी फुटते आणि फक्त तेवढाच हेड उघडतो. सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत. स्वतःची टाकी आणि विजेवर न चालणारा एक पंप हवा, कारण आगीत वीज आधी तोडतात. आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी-कुलूप लावा. गळतो म्हणून बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आग येऊन गेलेल्या शेडबद्दल एवढेच: सरळ राहिलेले साधे पोलाद थंड झाल्यावर बहुधा आपली ताकद परत मिळवते. बोल्ट परत मिळवत नाहीत, ते सगळे बदला. गॅस कटरने तापवून सरळ केलेला रॅफ्टर आणि वर नवा पत्रा, हा या भागातला लाडका उपाय आहे. तो करायचाच असेल तर आधी कडकपणाची चाचणी घ्या, आणि प्रत्येक वेल्ड व बेसप्लेट तपासा. पर्लिन भंगारात घाला.

अधिकाऱ्यांना विनंती. नकाशावर खांब आणि तुळयांच्या आकारासोबत प्रत्येकाचा अग्निरोधाचा वेळ मिनिटांत, संरक्षणाचा प्रकार आणि थराची जाडी लिहिल्याशिवाय लोखंडी सांगाड्याचा नकाशा पुढे सरकू देऊ नये. आज त्या जागी बहुधा "आयएस ८०० प्रमाणे" एवढेच असते. पोटमाळ्यासाठी वेगळी परवानगी आणि भाराची पाटी सक्तीची करावी. अग्निशमन दलाच्या स्थानिक केंद्राला प्रत्येक मोठ्या शेडचा एक पानाचा तक्ता द्यावा: उघडे पोलाद कुठे, माळा कुठे, माल कोणता. आत शिरायचे की नाही, हे जवान त्यावरून ठरवतील. भिंतीजवळची आग भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावरूनच विझवायची असते. बाहेर पडण्याच्या पाट्या कन्नड, मराठी, हिंदी तिन्हींत असाव्यात. शेडमध्ये काम करणारे हात या तिन्ही भाषांचे आहेत.

आणि आमच्याच धंद्यातल्यांना. चालू गोदामात वेल्डिंग करताना माल दहा मीटर दूर किंवा ओल्या-जाड आच्छादनाखाली, आणि काम संपल्यावर अर्धा तास एक माणूस बादली घेऊन तिथेच बसलेला. चहाला गेलेला नाही. खंडेनवमीला यंत्रे धुऊन-पुसून पूजा होते, तेव्हा शिडी लावून वरही एक फेरी मारा. ट्रसच्या अँगलवर साचलेले सुताचे तंतू आणि तेलकट धूळ त्या दिवशी खाली काढता येते, आणि कोणत्या जोडाला बोल्ट कमी आहे तेही दिसते.

कळावे,

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात पोलादी बांधकामाचे डिझाइन, फॅब्रिकेशन आणि अग्निसुरक्षेचे काम करणारे काही जण